‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी’ : एका हकालपट्टीचे वाचन

आयुष्यातली ३१ वर्षे मी एका कॉलेजच्या ग्रंथपालाच्या खुर्चीत काढली. या काळात पुस्तके किती वाचली याचा हिशेब मला देता येणार नाही. पण नोटिसा किती लिहिल्या असे कुणी विचारले तर त्या फाइली अजूनही डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आपल्या सीमाभागात नोटीस एका भाषेत लिहून भागत नाही. वर कन्नड, खाली मराठी, आणि प्राचार्यांच्या मनात आले तर तिसरी ओळ इंग्रजीत. एकच गोष्ट दोन-दोन, तीन-तीन वेळा लिहिणाऱ्याला ती निदान नीट दिसावी, अशी अपेक्षा कुणी केली तर ती वावगी नव्हे. माझ्या बाबतीत मात्र ती दिसायला निवृत्ती आणि एक अमेरिकन पुस्तक लागले.

ई. कल्पेपर क्लार्क यांचे ‘द स्कूलहाउस डोअर’ हे ते पुस्तक. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते १९९३ मध्ये काढले. भाचीने तिकडून येताना माझ्यासाठी आणले, ते बरेच दिवस कपाटात पडून होते. अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्याच्या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश कसा नाकारला गेला आणि अखेर तो कसा द्यावा लागला, याचा हा इतिहास. त्यातील एका तरुणीची हकिगत वाचताना मी थबकलो. त्या तरुणीचे नाव ऑथरीन ल्युसी. ती विद्यापीठात शिकायला आली होती ग्रंथालयशास्त्र! प्रथम लक्ष वेधले ते या योगायोगाने, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुढे जे सापडले ते मात्र योगायोगाच्या पलीकडचे होते.

१

आधी हकिगत थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

ऑथरीन ल्युसी १९२९ साली अलाबामातील एका शेतकरी कुटुंबात जन्मली; दहा भावंडांतली धाकटी. माइल्स कॉलेजातून तिने इंग्रजी विषय घेऊन १९५२ मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी पॉली अ‍ॅन मायर्स या मैत्रिणीबरोबर तिने टस्कालूसा येथील अलाबामा विद्यापीठाकडे अर्ज केला. दोघींना होकार आला, आणि त्या काळ्या आहेत हे कळताच तो मागे घेण्यात आला. मग कोर्ट. थरगुड मार्शल, कॉन्स्टन्स बेकर मोटली, आर्थर शोर्स ही वकीलमंडळी त्यांच्या बाजूने उभी राहिली. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल १९५४ चा. त्यानंतर १९५५ मध्ये या दोघींच्या बाजूनेही निकाल लागला. विद्यापीठाने तरीही एक वाट शोधलीच. खासगी गुप्तहेर लावून मायर्सच्या संसाराची चौकशी करवली आणि तिच्या वर्तनावर बोट ठेवून तिला वगळले. उरली एकटी ल्युसी.

३ फेब्रुवारी १९५६ रोजी, शुक्रवारी, ती वर्गात जाऊन बसली. वसतिगृहात राहायला आणि भोजनगृहात जेवायला तिला बंदी होती. त्याच राज्याच्या राजधानीत, मॉन्टगोमेरीत, बसवरचा बहिष्कार तेव्हा ऐन भरात होता. सगळे राज्यच धुमसत होते. सोमवारी, ६ तारखेला, आवारात हजाराहून अधिक माणसांचा जमाव गोळा झाला. अंडी आली, दगड आले, जिवे मारण्याच्या घोषणा आल्या. ग्रेव्ह्ज हॉल नावाच्या इमारतीत ती अडकून पडली. शेवटी पोलिसांच्या गाडीत खाली निजवून तिला आवाराबाहेर न्यावे लागले. त्याच रात्री विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला : विद्यार्थिनी ऑथरीन ल्युसी हिला विद्यापीठात येण्यास मनाई. कारण काय? तर तिची स्वतःची आणि इतर विद्यार्थ्यांची व शिक्षकांची सुरक्षितता.

तीन वर्षे कोर्टात घालवून मिळालेला प्रवेश वर्गाच्या तीन दिवसांतही टिकला नाही.

२

आता या कारणाकडे जरा वाचकाच्या नजरेने पाहू. आपण कवितेची ओळ वाचतो, तिच्यातला कर्ता कोण, क्रियापद कुठले, काय सांगितले आणि काय गाळले हे पाहतो. हुकुमाची ओळ तशी का वाचू नये? माझ्या मते ती अधिकच बारकाईने वाचली पाहिजे, कारण कविता कुणाला दाराबाहेर काढत नाही.

धोका खोटा होता, असे कुणी म्हणू नये. तो पुरेपूर खरा होता. गाडीच्या तळाशी पडलेल्या मुलीला तो कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. हुकुमाची खरी करामत इथेच आहे. त्याचा पूर्वार्ध संपूर्ण खरा आहे आणि त्या खरेपणाच्या आडोशाने उत्तरार्ध आत येतो. दगड मारणारे हजार आणि ज्यांच्या रोखाने दगड आले ती एक. सुरक्षितता हवी, म्हणून त्या एकीला बाहेर काढले. वाक्यात दगडांचा उल्लेख आहे, पण ते फेकणारे हात नाहीत. जमावाच्या पुढाऱ्यांपैकी एका विद्यार्थ्याला पुढे विद्यापीठाने काढून टाकले, हेही नोंदवायला हवे. पण तो पुढचा भाग, आणि तोवर जमावाला हवे ते मिळून गेले होते.

ही वाक्यरचना आपल्या परिचयाची नाही काय? मराठीत आपण लिहितो, ‘प्रवेश बंद करण्यात येत आहे.’ कन्नडात लिहितात, ‘प्रवेशवन्नु निषेधिसलागिदे.’ दोन्ही भाषांचे कूळ वेगळे, व्याकरण वेगळे. पण दार लावायची वेळ आली की दोन्ही भाषा कर्त्याला मागच्या दाराने काढून देतात. कोण बंद करतो आहे? कुणीच नाही. बंदी जणू पावसासारखी आपोआप पडते! दोन भाषांत जगणाऱ्या माणसाला एक सोय असते. एका भाषेत जी गोष्ट सवयीने दिसेनाशी होते, ती दुसऱ्या भाषेत ठेवून पाहता येते. अलाबामाच्या विश्वस्तांचा हुकूम मी मनातल्या मनात मराठीत केला, मग कन्नडात केला, आणि माझ्या लक्षात आले की मला एक शब्दही शोधावा लागत नाही. सगळी वाक्ये माझ्या हाताला आधीपासून पाठ होती.

३

ल्युसीचे वकील पुन्हा कोर्टात गेले. विद्यापीठाचे अधिकारी जमावाला सामील होते, असा आरोप त्यांनी अर्जात केला. तो सिद्ध करता येईना म्हणून पुढे मागेही घेतला. २९ फेब्रुवारी रोजी न्यायाधीशांनी तिला परत घेण्याचा आदेश दिला. हा आदेश मिळताच विश्वस्तांनी लगोलग तिला कायमचे काढून टाकले. या वेळी सुरक्षिततेचा शब्द नव्हता. कारण असे की तिने विद्यापीठावर खोटे आरोप करून संस्थेची बदनामी केली!

पुस्तकाच्या या टप्प्यावर मी वाचन थांबवले आणि दोन्ही हुकूम शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिला हुकूम म्हणतो : तू आत आहेस म्हणून तुला धोका आहे. दुसरा म्हणतो : तू आमच्याविरुद्ध बोललीस म्हणून आम्हाला धोका आहे. पहिल्यात ती सांभाळण्याची वस्तू आहे, दुसऱ्यात ती गुन्हेगार आहे. विद्यार्थिनी ती दोन्हीत नाही. अवघ्या तीन आठवड्यांत काळजीची भाषा शिस्तीची भाषा होऊन गेली, आणि मधे फक्त एवढेच घडले होते की जिची काळजी घेतली तिने ती काळजी नाकारली. संस्थेची माया किती खोल आहे हे पाहायचे असेल तर तिला एकदा नकार देऊन पाहावे.

आणि एक बाब. दगडांना न जुमानता जी आली होती, ती अखेर बाहेर गेली ती वकिलांनी लिहिलेल्या एका अर्जातल्या एका आरोपासाठी. शब्दांची एवढी दखल साहित्यातही क्वचित घेतली जाते.

क्लार्क यांच्या लेखनाचे मोठेपण हे की ते आवाज चढवत नाहीत. विश्वस्तांच्या बैठका, कोर्टाच्या तारखा, अध्यक्षांची कोंडी हे सगळे ते सबुरीने मांडतात. विद्यापीठाचे अध्यक्ष ऑलिव्हर कार्मायकल खलपुरुष वाटत नाहीत. जमाव त्यांच्याही दारावर चालून गेला होता. सज्जन माणसे वाईट कागदावर सही कशी करतात, हे या पुस्तकातून जेवढे कळते तेवढे कादंबरीतूनही क्वचित कळते.

४

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती पुस्तकाच्या नावापासूनच सुरू होते.

‘शाळेचे दार’ हे नाव ल्युसीच्या प्रसंगावरून आलेले नाही. ते ११ जून १९६३ च्या प्रसंगाचे आहे. त्या दिवशी राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या दारात स्वतः उभे राहिले, व्हिव्हियन मॅलोन आणि जेम्स हूड या दोन काळ्या विद्यार्थ्यांना अडवण्याचा आविर्भाव केला, भाषण केले; राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नॅशनल गार्ड आपल्या हाती घेताच बाजूला झाले. कॅमेरे होते, पत्रकार होते. दार सकाळी अडले आणि त्याच दुपारी उघडले. त्या रात्री केनेडींनी दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. नाटककाराला याहून काय हवे? १९९४ च्या ‘फॉरेस्ट गम्प’ या चित्रपटातही हेच दार आहे. नायक मॅलोनचे पडलेले पुस्तक उचलून देतो आणि प्रेक्षक सुखावतो. त्याच आवारात सात वर्षांपूर्वी एकीला दगडांच्या वर्षावातून बाहेर काढले होते, याचा त्या दृश्यात मागमूस नाही.

चित्रपटाला दोष देण्यात अर्थ नाही. पण इतिहासकारानेही सगळी कथा त्या दारापाशी आणून सोडली की ल्युसीचा भाग आपोआप ‘पूर्वार्ध’ होतो. ती पुढच्या यशाची पायरी ठरते. तिच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र तो पूर्वार्ध नव्हता. १९६३ मध्ये ते दार उघडले तेव्हाही तिच्यावरचा हुकूम कायमच होता. इतरांसाठी बंदी उठली होती, तिच्यासाठी नव्हती. एखादा दरवाजा सगळ्यांना उघडा झाला आणि ज्याने तो प्रथम ठोठावला त्याचेच नाव अजून बंदीच्या यादीत आहे, ही गोष्ट मला वॉलेसच्या सगळ्या नाटकापेक्षा अधिक खोल वाटते. पण तिला दृश्य नाही. फाइलीतला कागद कॅमेऱ्यापुढे उभा करता येत नाही.

५

पुढे काय झाले? १९५६ मध्येच तिने ह्यू फॉस्टर या धर्मोपदेशकाशी लग्न केले आणि ती टेक्सासला गेली. नाव गाजल्यामुळे नोकरी मिळणे कठीण झाले. पुढे तिने शिक्षिकेचे काम केले, मुलेबाळे झाली, आणि १९७४ मध्ये कुटुंब अलाबामात परतले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याच विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी तिला वर्गात बोलायला बोलावले. तिथे कुणीतरी विचारले, पुन्हा प्रवेश घेण्याचा प्रयत्न कधी केलात का? केला नव्हता, पण विचार करता येईल, असे उत्तर आले. प्राध्यापकांनी मग विद्यापीठाकडे पाठपुरावा केला. १९८८ मध्ये हकालपट्टीचा हुकूम रद्द झाला. १९८९ मध्ये त्यांनी (आता त्यांना बाई म्हटले पाहिजे) नाव घातले, आणि मे १९९२ मधल्या पदवीदान समारंभात ऑथरीनबाई पदव्युत्तर पदवीधर म्हणून व त्यांची मुलगी ग्राझिया पदवीधर म्हणून अशा मायलेकी एकत्र उभ्या होत्या.

हा शेवट इतका गोड आहे की लिहिणाऱ्यांनी त्यावर झडप घातली नसती तरच नवल! ‘३२ वर्षांचा अखंड लढा’ असे वर्णन करायचा मोह मलाही झाला. पण ते खरे नाही. मधल्या काळात बाईंनी दार ठोठावले नाही. त्यांनी संसार केला, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवले. त्या काळाला लढा म्हणणे म्हणजे त्यांच्या आयुष्यालाही पुन्हा विद्यापीठाच्या दारालाच बांधून ठेवणे. मला त्यांची चिकाटी निराळ्या ठिकाणी दिसते. १९५२ चा अर्ज, कोर्टातली तीन वर्षे, शुक्रवारचा वर्ग झाल्यावर पुन्हा सोमवारी येणे, हकालपट्टीच्या तोंडावर पुन्हा कोर्टात जाणे, आणि साठीला टेकल्यावर पुन्हा एकदा साधा प्रवेश-अर्ज भरणे. प्रत्येक वेळी मागणे एकच : मला शिकायचे आहे. संस्थेने त्यांना कधी धोका ठरवले, कधी बदनामी करणारी ठरवले, पुढे भूषण ठरवले. त्यांनी स्वतःविषयीचा शब्द एकदाही बदलला नाही.

आणि ग्रंथपाल म्हणून मला जे विसरता येत नाही ते असे. १९९२ ची पदवी प्राथमिक शिक्षणाची होती. १९५६ मध्ये त्या ज्यासाठी आल्या होत्या ते ग्रंथालयशास्त्र तसेच राहिले. कागद रद्द होतो. त्या कागदाने घेतलेली वर्षे आणि त्या वर्षांत होऊ शकली असती ती बाई, या गोष्टी कुठल्याही ठरावाने परत येत नाहीत.

६

इथे मला माझ्या एका नोटिशीविषयी सांगितले पाहिजे. टाळले तर ही समीक्षा अप्रामाणिक होईल.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयातल्या एका संदर्भग्रंथाची पाने ब्लेडने कापलेली सापडली. संशय एका मुलावर आला. शेवटचे पुस्तक त्याने चाळले होते, एवढाच पुरावा. मी नोटीस लिहिली. ग्रंथालयाचे व इतर विद्यार्थ्यांचे हित लक्षात घेऊन सदर विद्यार्थ्यास चालू सत्रात प्रवेश बंद करण्यात येत आहे. वर कन्नड, खाली मराठी. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा रोज साडेदहाला पायरीवर येऊन उभा राही. हातात अर्ज. “सर, मी पानं कापली नाहीत. मला आत बसून वाचू द्या.” मी म्हणे, “अरे, तुझ्याच भल्यासाठी सांगतो, प्रकरण वाढवू नकोस.” अर्ज घेई, आवक शिक्का मारी, फाइलीला लावी. असे अर्ज किती झाले ते मी मोजले नाहीत. घरी अभ्यासाला जागा नाही, हे त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात लिहिलेले होते.

पाने कापणारा दुसराच निघाला. मी नोटीस रद्द केली, तीही दोन भाषांत, आणि तीतही कर्ता नव्हता. तोवर परीक्षा होऊन गेली होती. वर्ष-दोन वर्षांनी तो मुलगा नोकरीसाठी दाखला काढायला आला. कार्यालयाच्या नियमाप्रमाणे ग्रंथालयाचे नो-ड्यूज सर्टिफिकेट लागे. या विद्यार्थ्याकडून ग्रंथालयास काहीही येणे नाही, असे लिहून मी सही केली. तो “थँक्यू सर” म्हणून गेला. ग्रंथालयाकडून त्याला काही येणे आहे का, याचा छापील नमुना आमच्याकडे नव्हता, आणि कोऱ्या कागदावर लिहायचे मला सुचले नाही.

७

फेब्रुवारी २०२२ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ग्रेव्ह्ज हॉलला ऑथरीनबाईंचे नाव द्यायचे ठरवले. ज्या इमारतीत त्या जीव मुठीत धरून अडकल्या होत्या तीच ही. बिब ग्रेव्ह्ज हे राज्याचे माजी गव्हर्नर आणि कू क्लक्स क्लानचे स्थानिक पुढारी. विश्वस्तांनी आधी काय केले असेल? जुने नाव काढले नाही; मधे जोडरेघ घालून ‘ल्युसी-ग्रेव्ह्ज हॉल’ असे नाव ठेवले! टीका झाली, तेव्हा आठवड्याभरात ती रेघ आणि ते आडनाव दोन्ही निघाले. २५ फेब्रुवारीला नामकरणाचा समारंभ झाला; ऑथरीनबाई हजर होत्या. २ मार्च २०२२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

ही जोडरेघ क्लार्क यांच्या पुस्तकात येणे शक्य नव्हते. ती जवळजवळ ३० वर्षे नंतरची. पण मला ती त्याच पुस्तकाचे शेवटचे वाक्य वाटते. जिला बाहेर काढले तिला आत घ्यायला संस्था तयार होते, तेव्हाही कुणाचा दोष होता हे सांगायला ती तयार नसते. आधी वाक्यात कर्ता नव्हता. आता दोन नावे होती आणि मधली रेघ दोघांना सारखेच मानत होती.

‘द स्कूलहाउस डोअर’ जरूर वाचावे. त्यातला वॉलेसचा भाग रंगतदार आहे, तो रंगून जाऊन वाचावा. पण १९५६ च्या फेब्रुवारीची पाने वाचताना घाई करू नये. शक्य असेल तर त्या दोन हुकुमांचे आपल्या भाषेत भाषांतर करून पाहावे, आणि ज्यांना दोन भाषा येतात त्यांनी दोन्हींत करावे. भाषांतर करताना ‘करण्यात येत आहे’ असे लिहायचे नाही, हे एकच पथ्य पाळावे. कुणी केले, ते नाव घालून लिहावे. माझी जुनी नोटीस मी परवा तशी लिहून पाहिली. वाक्य लहानच झाले. त्याची सुरुवात ‘मी’ या शब्दाने होते.